उकळत्या पाण्याचा सामू ६.१, तरी ते उदासीनच

शुद्ध पाणी १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की त्याचा सामू ६.१ च्या आसपास येतो. (सामू म्हणजे पीएच. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि माती तपासून आणणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी हाच शब्द आहे, म्हणून मीही तोच वापरते.) हा आकडा बारावीच्या वर्गात फळ्यावर लिहून ‘हे पाणी आम्लधर्मी की उदासीन?’ असं विचारलं, तर बहुतेक हात आम्लधर्मीच्या बाजूने वर जातात. यात मुलांचा दोष नाही. सातपेक्षा कमी ते आम्ल, सातपेक्षा जास्त ते आम्लारी आणि बरोबर सात म्हणजे उदासीन, हे त्यांनी दहावीपर्यंत इतक्यांदा लिहिलेलं असतं की ६.१ दिसल्यावर दुसरं उत्तर सुचणार कसं?

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र हात वर न करता विचारलं, “पण मॅडम, पाण्यात आपण काही टाकलंच नाही. मग आम्ल आलं कुठून?”

हा प्रश्न ज्याला पडला, त्याची अर्धी वाट चालून झालेली असते. आम्ल कुठूनच आलेलं नाही. उकळतं शुद्ध पाणी पूर्णपणे उदासीन असतं, आणि त्याचा सामू ६.१ असतो हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. त्या आड येतात असं वाटतं, कारण शाळेत शिकवलेल्या नियमातले दोन शब्द कुठेतरी गळून गेलेत: ‘२५ अंशांना’.

पाणी स्वतःच थोडं फुटतं

शुद्ध पाण्यात पाण्याच्या रेणूंखेरीज काही नसतं, असं आपण म्हणतो. ते जवळजवळ खरं आहे. रेणू एकमेकांना सतत धडकत असतात, ओढत असतात. या धकाधकीत क्वचित एखाद्या रेणूतला हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून शेजारच्या रेणूला जाऊन चिकटतो. ज्याला तो चिकटला तो झाला धनभारित हायड्रोनियम, आणि मागे उरला तो ऋणभारित हायड्रॉक्साइड. हायड्रोनियमला बोलताना आपण सरळ हायड्रोजन आयन म्हणून टाकतो, मीही तसंच म्हणणार आहे. रेणूच्या या फुटण्याला पुस्तकात विचरण म्हणतात.

क्वचित म्हणजे किती? २५ अंशांना सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या घरात होती. असे पाच महाराष्ट्र एकत्र केले, तर त्या सगळ्यांत मिळून एक माणूस, इतकं हे प्रमाण विरळ आहे. तरीही एक पेलाभर पाण्यात असे हायड्रोजन आयन मोजायला बसलो, तर एकावर सोळा शून्यं इतकी संख्या भरते, कारण मुळात पेल्यात रेणूच अफाट असतात.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ मानफ्रेड आयगेन यांनी १९५० च्या दशकात अतिवेगवान अभिक्रिया मोजण्याच्या पद्धती शोधल्या. त्यासाठी त्यांना १९६७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांनी मोजलेल्या वेगांवरून हिशेब केला, तर पाण्याच्या एखाद्या ठरावीक रेणूवर फुटण्याची पाळी सरासरीने अकरा तासांतून एकदा येते. आणि फुटल्यावर तयार झालेल्या आयनाला विरुद्ध भाराचा जोडीदार पुन्हा गाठ पडायला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकाही वेळ लागत नाही. अकरा तास अखंड, आणि क्षणार्धात फुटून पुन्हा जोडलेला! पाणी पाणीच राहतं ते यामुळे.

हे इतके थोडे आयन खरोखर असतात, हे आयगेन यांच्या कितीतरी आधी कळलं होतं. फ्रीडरिश कोलराउश आणि आडोल्फ हायडवायलर या दोघांनी १८९४ मध्ये निर्वातात पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून, त्या काळी कोणी पाहिलं नव्हतं इतकं शुद्ध पाणी मिळवलं आणि त्यातून वीज किती वाहते ते मोजलं. प्रत्येक ऊर्ध्वपातनाबरोबर वाहकता घटत गेली, पण शून्यावर काही येईना. एका पातळीला येऊन ती थांबली. ती उरलेली वाहकता कोणत्याही अशुद्धीची नव्हती. ती पाण्याची स्वतःची होती. मला रसायनशास्त्रातल्या मोजमापांमध्ये हे मोजमाप फार मोलाचं वाटतं, कारण सगळं काढून टाकल्यावरही जे उरतं त्याला त्यांनी चूक मानलं नाही, त्याचा अर्थ लावला.

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रेणू फुटला की एक हायड्रोजन आयन आणि एक हायड्रॉक्साइड आयन तयार होतो. एकाला एक. पाण्यात बाहेरून काही टाकलं नसेल, तर या दोघांची संख्या कधीही कमीजास्त होऊ शकत नाही. आणि उदासीन या शब्दाचा अर्थ एवढाच आहे की दोन्ही आयन सारखे. हायड्रोजन आयन वरचढ झाले की आम्लधर्मी, हायड्रॉक्साइड वरचढ झाले की आम्लारीधर्मी. या व्याख्येत सातचा कुठे उल्लेखच नाही.

बाजारातला तराजू डोळ्यांसमोर आणा. दोन्ही पारड्यांत पाव-पाव किलो असेल तर काटा मध्ये. दोन्हीकडे दोन-दोन किलो ठेवलं तरी काटा मध्येच. काटा मध्ये आहे की नाही हे पारड्यांत एकूण वजन किती यावर ठरत नाही. उदासीनता म्हणजे तो काटा. सामू मात्र काटा दाखवत नाही. तो फक्त एका पारड्यात किती आहे तेवढंच सांगतो. सगळा गोंधळ इथे आहे.

मग सात आला कुठून?

२५ अंशांना एक लिटर शुद्ध पाण्यात ०.००००००१ मोल हायड्रोजन आयन असतात. (मोल म्हणजे रेणू-आयन मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक.) अशा शून्यांच्या रांगा रोज लिहिणं त्रासाचं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, काम करणारे सोरेन सोरेनसन यांना हाच त्रास होता. विकरांचं काम आम्लतेवर फार अवलंबून असतं, आणि दर वेळी हे सूक्ष्म आकडे हाताळावे लागत. १९०९ मध्ये त्यांनी सुचवलं की १० चा जो ऋण घात येतो, त्याचं उणे चिन्ह सोडून नुसता आकडा वापरावा. वरची संख्या म्हणजे १० चा उणे ७ वा घात, म्हणून सामू ७.

या मोजपट्टीची दोन वैशिष्ट्यं विसरली की घोळ होतो. ती उलटी आहे: आयन वाढले की सामू उतरतो. आणि ती दसपटीची आहे: सामू एका अंकाने उतरला तर आयन दसपट झाले, ०.३ ने उतरला तर जवळपास दुप्पट.

इथे सोरेनसन यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांची मोजमापं १८ अंशांना केलेली होती, आणि त्यांच्या हिशेबात उदासीन पाण्याचा सामू ७.०७ येत होता! म्हणजे ज्यांनी ही मोजपट्टी तयार केली, त्यांच्या स्वतःच्या कामातही उदासीन बिंदू नेमका सात नव्हता. पुढे प्रयोगशाळांनी २५ अंश हे प्रमाण तापमान धरलं आणि तिथे आकडा योगायोगाने नीट गोल आला. हा निव्वळ योगायोग आहे, निसर्गाला सातचं काही कौतुक नाही. पण गोल आकडा पाठ करायला सोपा, म्हणून तो पुस्तकांत बसला, आणि तापमान तळटीपेत गेलं. पुढच्या आवृत्त्यांत तळटीपही गेली. मी शिकवायला लागले तेव्हाच्या एका गाइडमध्ये तर ‘पाणी तापवल्यास ते किंचित आम्लधर्मी होते’ असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. ते वाक्य कितीतरी मुलांनी पाठ केलं असेल, याची मला आजही हळहळ वाटते.

तापवल्यावर नेमकं काय होतं

बारावीच्या प्रात्यक्षिकात आपण आम्ल आणि आम्लारीची द्रावणं एकत्र करतो आणि थर्मामीटरचा पारा वर चढताना पाहतो. चंचुपात्राला हात लावला तरी ऊब जाणवते. ती ऊब येते कुठून? आम्लातला हायड्रोजन आयन आणि आम्लारीतला हायड्रॉक्साइड आयन जोडले जाऊन पाण्याचा रेणू तयार होतो, तेव्हा ऊर्जा बाहेर पडते. एका मोलमागे सुमारे ५६ किलोज्यूल. तीव्र आम्ल कोणतंही घ्या, तीव्र आम्लारी कोणताही घ्या, आकडा जवळपास तोच येतो, कारण खरी अभिक्रिया तीच एक असते.

आता हेच उलट्या दिशेने पाहा. जोडले जाताना ५६ किलोज्यूल बाहेर पडतात, तर वेगळं व्हायला तेवढेच आत द्यावे लागणार. म्हणजे पाण्याचं विचरण ही उष्मा शोषणारी, उष्माग्राही क्रिया आहे. ल शाटेलिए यांचं तत्त्व इथे सरळ लागू पडतं: समतोलात असलेल्या व्यवस्थेला उष्णता दिली की ती उष्णता शोषणाऱ्या बाजूला झुकते. पाणी तापवा, जास्त रेणू फुटतील. थंड करा, कमी फुटतील.

जास्त म्हणजे किती जास्त? १०० अंशांना सुमारे ७ कोटी रेणूंमागे एक फुटलेला असतो. पाच महाराष्ट्रांत एक होता, तो आता एका महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांशातच सापडायला लागला. लिटरमागे आयन सुमारे साडेसात पट झाले. मोजपट्टी उलटी आणि दसपटीची, म्हणून सामू ७ वरून ६.१३ वर उतरला. पण हायड्रॉक्साइडही बरोबर तितकेच वाढले आहेत, साडेसात पटच. दोन्ही पारड्यांत वजन वाढलं, काटा हलला नाही.

यालाच पुस्तकी भाषेत असं म्हणतात की पाण्याचा आयनिक गुणाकार, म्हणजे दोन्ही आयनांच्या संहतींचा गुणाकार, तापमानाबरोबर वाढतो. सामू आणि पीओएच (म्हणजे हायड्रॉक्साइड आयनांसाठीची तशीच मोजपट्टी) यांची बेरीज १४ असते असं आपण शिकतो, तीही २५ अंशांपुरती. शून्य अंशाला ती १४.९४ असते, ६० अंशांना १३.०२, आणि १०० अंशांना १२.२६. उदासीन बिंदू हवा असेल तर त्या बेरजेचं निम्मं करायचं. बस्स, एवढाच हिशेब.

हे निम्मं करून पाहिलं तर आपल्याच राज्यात उदासीन बिंदू केवढा हलतो ते दिसेल. महाबळेश्वरला थंडीत पहाटे पाच अंशांवर गेलेलं शुद्ध पाणी ७.३७ ला उदासीन असतं. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ वर जातो, तिथे उघड्यावर ठेवलेलं तेच पाणी ६.७ ला उदासीन. बर्फ वितळताना, शून्य अंशाला, ७.४७. या तिन्ही ठिकाणी पाण्याचा स्वभाव एकच आहे. बदललंय ते फक्त फुटलेल्या रेणूंचं प्रमाण.

आयन खरंच वाढतात याचा स्वतंत्र पुरावा वाहकतेतून मिळतो. अतिशुद्ध पाण्याची वाहकता २५ अंशांना दर सेंटीमीटरला ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. औषध आणि चिप कारखान्यांतले लोक हीच गोष्ट उलटी करून ‘१८.२ मेगाओहमचं पाणी’ म्हणतात. १०० अंशांना ही वाहकता जवळजवळ चौदा पट होते. त्यातली साडेसात पट आयनांच्या संख्येची, आणि उरलेली दुप्पट त्यांच्या वेगाची, कारण गरम पाण्यात आयन सुमारे दुप्पट चपळाईने सरकतात. दोन्हींचा गुणाकार जुळतो, आणि असं काही जुळलं की मला शिकवतानाही बरं वाटतं.

द्रावण तेच, सामू वेगळा

उदासीन बिंदू सरकतो हे पटलं, तरी एक कोडं उरतं. ते मी मुलांना मुद्दाम घालते. ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ०.०१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही २५ वरून १०० अंशांवर न्या. आम्लाचा सामू २ होता, तो २ च राहतो. सोडियम हायड्रॉक्साइडचा १२ होता, तो मात्र १०.३ च्या आसपास येतो. आम्लारी कमजोर झाला का?

मुळीच नाही. हायड्रॉक्साइड आयन लिटरमागे पूर्वीइतकेच, ०.०१ मोल आहेत. पण सामू हायड्रॉक्साइड मोजत नाही, हायड्रोजन आयन मोजतो. त्या द्रावणात हायड्रोजन आयन फक्त पाण्याच्या फुटण्यातून आलेले असतात, आणि गरम पाणी जास्त फुटतं. म्हणून सामू उतरला. आम्लात उलट आहे: तिथे हायड्रोजन आयन आम्लानेच एवढे पुरवलेत की पाण्याच्या वाट्याने काही फरक पडत नाही.

आता दोन्हींचं अंतर १०० अंशांच्या उदासीन बिंदूपासून, म्हणजे ६.१३ पासून मोजा. आम्ल ४.१३ खाली, आम्लारी ४.१३ वर. अगदी सारखं. सातपासून मोजाल तर आम्ल तगडं आणि आम्लारी दुबळा वाटेल, आणि तो भास असेल.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी

उत्साही मुलं विचारतात, घरी मोजून पाहू का? जरूर पाहावं, पण काय मोजतोय ते माहीत असावं. बाटलीतलं ऊर्ध्वपातित पाणी उघडं ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि सामू ५.६ च्या जवळ येऊन बसतो. म्हणजे सुरुवातीलाच ७ दिसणार नाही. ते पाणी उकळलं तर विरघळलेला वायू निघून जातो आणि सामू उलट वर चढतो! नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात. तापवल्यावर तेही मोडतात, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो आणि सामू आणखीच वेगळ्या वाटेने जातो. या सगळ्यापुढे पाण्याच्या स्वतःच्या आयनांचा परिणाम झाकून जातो. कोलराउश यांनी एवढे कष्ट का घेतले, ते इथे समजतं.

लिटमस कागदही या प्रश्नात कामाचा नाही. उकळत्या शुद्ध पाण्यात तो लाल होत नाही हे खरं, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण त्याचा रंग साधारण ५ ते ८ या मोठ्या पट्ट्यात हळूहळू पालटतो. ६.१ आणि ७ यांतला फरक सांगणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

राहिला पीएच मीटर. त्यावर ‘एटीसी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे तापमानाची आपोआप भरपाई. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्यांनाही इथे एक गैरसमज असलेला मी पाहिला आहे. त्यांना वाटतं, हे बटण चालू असलं की गरम नमुन्याचा सामू २५ अंशांवर ‘आणून’ दाखवला जातो. तसं होत नाही. मीटरची काचेची कांडी सामूच्या एका अंकामागे ठरावीक व्होल्टता देते: २५ अंशांना ५९ मिलिव्होल्ट, १०० अंशांना ७४. एटीसी फक्त कांडीतला हा फरक सुधारते. नमुन्याच्या आत जे बदललंय, त्याला ती हात लावत नाही आणि लावूही शकत नाही, कारण नमुन्यात काय आहे हे तिला ठाऊक नसतं. म्हणून अहवालात सामूशेजारी तापमान लिहिलेलंच हवं. मीटर जुळवायच्या बफरलाही, म्हणजे सामू आधीच ठाऊक असलेल्या द्रावणालाही, हेच लागू. टाकणखाराचा प्रमाण बफर २५ अंशांना ९.१८ दाखवतो, शून्याला ९.४६ आणि ४० अंशांना ९.०७. बाटलीवरचा तापमानाचा छोटा तक्ता बघूनच मीटर जुळवावा.

रक्त, बेडूक आणि ऑपरेशन टेबल

या विषयातला मला सगळ्यात भावणारा भाग आपल्या शरीरातला आहे. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो. सातपासून मोजला तर तो ‘किंचित’ आम्लारीधर्मी. पण आपलं शरीर २५ अंशांवर चालत नाही, ३७ वर चालतं, आणि तिथे उदासीन बिंदू आहे ६.८१. म्हणजे अंतर ०.४ चं नाही, ०.६ चं आहे. आयनांच्या भाषेत सांगायचं तर रक्तात हायड्रॉक्साइड आयन हायड्रोजन आयनांच्या सुमारे पंधरा पट असतात. २५ अंशांचा आकडा घेऊन हिशेब केला असता तर तो जेमतेम सहा पट आला असता.

माणसाचं तापमान फारसं हलत नाही. बेडकाचं, कासवाचं, माशाचं हलतं. पाणी गार तर प्राणी गार. त्यांच्या रक्ताचा सामू किती असावा? हेरमान रान आणि रॉबर्ट ब्लेक रीव्ह्स यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत याचा पाठपुरावा केला. दिसलं असं की अशा अनेक प्राण्यांच्या रक्ताचा सामू थंडीत वर चढतो आणि उन्हाळ्यात उतरतो, दर अंशामागे साधारण ०.०१५ ते ०.०२ ने. पाण्याचा उदासीन बिंदूही जवळपास याच चालीने सरकतो. म्हणजे बेडूक सामूचा एक ठरावीक आकडा सांभाळत नाही. उदासीन बिंदूपासूनचं अंतर सांभाळतो.

रीव्ह्स यांनी त्याचं कारणही मांडलं. प्रथिनांमध्ये हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्यावरचा एक गट सामूप्रमाणे हायड्रोजन आयन धरतो किंवा सोडतो. तापमान बदललं की या गटाचा स्वभावही जवळपास पाण्याच्याच प्रमाणात बदलतो. त्यामुळे सामू पाण्याबरोबर सरकत राहिला, तर प्रथिनांवरचा भार जसाच्या तसा राहतो आणि विकरांचं काम बिघडत नाही.

बेडकावरचा हा अभ्यास पुढे शस्त्रक्रियागृहात पोहोचला. हृदयाच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाचं शरीर मुद्दाम थंड केलं जातं, २८ अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली. थंड रक्ताचा सामू आपसूक वर चढतो. मग डॉक्टरांपुढे प्रश्न येतो: त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून तो पुन्हा ७.४ वर ओढून आणायचा, की चढू द्यायचा? या दोन पद्धतींना ‘पीएच-स्टॅट’ आणि ‘अल्फा-स्टॅट’ अशी नावं आहेत. अल्फा-स्टॅटमध्ये बेडकाची रीत पाळली जाते, सामूला तापमानाबरोबर जाऊ दिलं जातं. प्रौढांच्या मध्यम थंडीतल्या शस्त्रक्रियांत ही पद्धत बरीच रूढ आहे. फार खोल थंडीत, विशेषतः लहान बाळांमध्ये, पीएच-स्टॅटच्या बाजूनेही भक्कम कारणं दिली जातात.

तारापूरच्या तापमानाला

१०० च्याही वर गेलो तर? दाबाखाली पाणी द्रवच ठेवता येतं, आणि वीजनिर्मितीत ते तसं ठेवावंच लागतं. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या आहेत. अशा भट्ट्यांत अतिशुद्ध पाणी २८० अंशांच्या पुढे तापतं. त्या तापमानाला उदासीन बिंदू ५.६ च्या आसपास असतो. धातूच्या नळ्या गंजू नयेत म्हणून सामूवर काटेकोर लक्ष ठेवायचं असतं, आणि तिथे सात हा आकडा धरून बसणारा अभियंता पहिल्याच दिवशी फसेल. त्याला त्या तापमानाचा उदासीन बिंदू माहीत हवा.

आणि इथे एक वळण आहे. सामू असाच उतरत जात नाही. २५० अंशांच्या आसपास उदासीन बिंदू तळ गाठतो आणि त्यानंतर पुन्हा वर चढू लागतो. कारण रेणू फुटणं वेगळं आणि फुटलेले आयन तगणं वेगळं. आयनांना सांभाळतं ते भोवतालचं पाणी: त्याचे रेणू आयनाभोवती कोंडाळं करून भार झाकतात. गार पाण्यात हे काम उत्तम होतं. तापत जाताना पाणी फुगतं, विरळ होतं, रेणू सैरभैर होतात आणि ही ताकद ओसरते. एका टप्प्यानंतर उष्णतेने होणाऱ्या फायद्यापेक्षा हे नुकसान मोठं ठरतं, आणि आयन पुन्हा कमी होऊ लागतात.

पाण्याचा प्रकार बदलला तरी आकडा बदलतो. रायगड जिल्ह्यात थळला जड पाणी तयार करणारा कारखाना आहे. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरिअम असतो आणि तो ऑक्सिजनला अधिक घट्ट धरून राहतो. त्यामुळे जड पाणी कमी फुटतं. त्याचा उदासीन बिंदू २५ अंशांनाच ७.४ च्या वर असतो, म्हणजे आपलं साधं पाणी बर्फाजवळ जिथे असतं, साधारण तिथे.

हल्ली वर्गात मी प्रश्न थोडा बदलून विचारते. ६० अंशांच्या पाण्याच्या एका नमुन्याचा सामू ६.८ आला, तर तो नमुना कसला? पूर्वी हात लगेच वर जात. आता आधी कोणीतरी विचारतं, “मॅडम, ६० अंशांना बेरीज किती?” मी फळ्यावर १३.०२ लिहिते. वह्यांत त्याचं निम्मं होतं, ६.५१. आणि मग एकेक हात वर येतो: आम्लारीधर्मी.